कडी लावून बांधलेली नाडी

पहाटे साडेपाचला माझे हात माझे नसतात. बोटं आखडलेली, मनगटं सुजलेली, गुडघ्यात कुणी वाळू भरून ठेवल्यासारखं. उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार द्यायचा, मग "आई गं" म्हणायचं आणि मग पाय खाली. "आई गं" म्हटल्याशिवाय उठताच येत नाही. आमवात आहे मला, चार वर्षं झाली. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. पुढचं सांगायला गेलं की समोरचा निर्गुडीचा पाला सांगतो, नाहीतर कुठल्या गावचा वैद्य. लई कंटाळा आलाय मला त्या पाल्याचा.

आम्ही मुरूम गावचे. मी घरी ब्लाउज शिवते. आता कटिंग आणि मशीन तेवढं करते, हुक आणि काजं शेजारच्या बाईकडं देते, कारण सुई धरता येत नाही. आमचे हे गावात नळाला पाणी सोडतात. व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी दांडी खांद्यावर टाकून पहाटेच निघतात. पाणी उशिरा आलं की गल्लीतल्या बायका त्यांच्या नावानं शंख करतात, आलं की त्यांना विसरून जातात. मुलगी पुण्याला नोकरीला. घरात आम्ही दोघंच.

आणि मी पळते. पन्नाशीला आलेली, सुजलेल्या पायांची बाई, हिवाळ्यात, पहाटे. हसू आलं तर हसा, गावाचं हसून झालंय.

सुरुवात गेल्या हिवाळ्यात झाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "रोज चाला. घरात बसलात तर सांधे धरून बसतील." म्हणून मी गावाबाहेरच्या शेतरस्त्यानं चालायची, कुणी नसेल अशा वेळी. एका पहाटे थंडी अशी पडली की ज्वारीच्या पानांवरून पाणी टपकत होतं. शाल होती, मफलर होता, तरी दात वाजायला लागले. ऊब यावी म्हणून मी आठ-दहा पावलं पळाले. बस, तेवढंच. पाय दुखले, खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणी आलं. पण थांबले आणि बघते तर माझी मूठ वळत होती! एरवी दहा वाजेपर्यंत न वळणारी मूठ सव्वासहाला वळली. मी ती चार वेळा उघडून-मिटून बघितली. मग तुळजापूर जिकडं आहे तिकडं तोंड करून हात जोडले. तीन वर्षं मी त्या भवानीला नको नको ते बोलले होते. त्या दिवशी तळवे एकमेकांना नीट टेकले आणि मी रस्त्यावर उभी राहून रडले.

घरी येऊन सुईत दोरा ओवला. माझा मी. पाऊण तासानं बोटं परत आखडली, ते सोडा.

तेव्हापासून पळते. पळते म्हणजे काय, शेळ्या घेऊन निघालेला म्हातारा माझ्या शेजारून चालत पुढं जातो. आणि रोज जमतं असंही नाही. रविवारी आठवड्याची मोठी गोळी असते, सोमवार ओकारीत जातो, मंगळवारी तोंड कडू. ह्या रोगाचा शीण आणि कामाचा शीण सारखा नसतो. कामाचा शीण झोपलं की जातो. हा झोपून उठल्यावर जास्त असतो, रात्रभर विहीर उपसल्यासारखा. कित्येकदा मी रस्त्याच्या कडेला एखाद्या दगडावर बसून स्वतःलाच विचारते, "मरायला कशाला आलीस गं इथं?" मग सूर्य वर येतो, करडईवर ऊन पडतं, अंगात थोडी धग येते आणि मी उठते. कधी कधी उठतही नाही. बसून राहते आणि तशीच परत येते.

ह्यांना हे पळणं मुळीच पटलं नव्हतं.

"ह्या वयात काय खूळ घेतलंस? पडलीस तर कोण उचलंल?"

"तुम्ही."

"मी पाणी सोडायला जाऊ का तुला उचलायला?"

"आधी पाणी सोडा. मी पडून राहते तोवर."

ते फार बोलतच नाहीत, माझंच तोंड चालू असतं.

पण घोळ झाला बुटांचा. मुलीचे कॉलेजातले जुने बूट होते, नाडीचे. नाडी नसलेलेही आणून बघितले, ते घोट्याला सैल बसायचे, तिसऱ्या दिवशी पाय मुरगळला. डॉक्टर म्हणाले, घोटा घट्ट बांधलेला पाहिजे. आता घट्ट बांधायचं कुणी? ज्या बोटांनी मी बारीक पायपिंग घातलं, अर्ध्या मुरूमच्या नवऱ्यांचे ब्लाउज शिवले, म्हणजे नवऱ्या मुलींचे हो, त्या बोटांना नाडीचा फास घालता येईना. दातांनी ओढून बघितली. पाय तोंडापर्यंत येतो होय कुणाचा! उंबऱ्यावर बसून मी त्या नाडीला अशा शिव्या घातल्या की शेजारचं कुत्रं उठून गेलं.

दोन दिवस ह्यांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी दांडी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "आत चल. आण इकडं पाय."

खाली बसले. मग थांबले. उठले, दाराकडं गेले, कडी लावली आणि परत येऊन बसले.

आमच्याकडं नवऱ्याला चुकून पाय लागला तर बाईनं वाकून नमस्कार करायचा असतो. आणि इथं नवराच बायकोचा पाय मांडीवर घेऊन बसलेला, तोही रोज, समजून उमजून. गल्लीत कुणी बघितलं असतं तर दिवसभर पारावर तेच झालं असतं. "पाणीवाला बायकोचे पाय धरतोय." मला ते कळत होतं. तरी कडीचा आवाज झाला की मी मान फिरवायची. माणूस आपल्यासाठी खाली बसतोय ह्याचं बरं वाटायचं आणि तो लपून बसतोय ह्याचा राग यायचा. दोन्ही एकदम. पण त्यांच्यावर राग काढायचं पाप माझ्यानं होत नव्हतं.

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकायची. कंबर वाकायची नाही, मग हवेतच नमस्कार.

"पुरं," ते म्हणायचे. "पळ आता. पाण्याचा टाइम झाला."

गाठ मात्र व्हॉल्व्ह बंद केल्यासारखी पक्की. आणि एक टोक मुद्दाम लांब ठेवायचे. ते ओढलं की नाडी सुटते, तेवढं माझ्या बोटांना जमतं. ते टोक लांब ठेवायला मी कधी सांगितलं नव्हतं.

आता येळवसीचं सांगते, कारण सगळं त्यावरच आलं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, ऐन थंडीत येते. चार तालुके ओलांडले की लोकांना हा सण माहीतही नसतो. आमच्याकडं त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे रानात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटी करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची. मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबट आंबील, पोट फुटेस्तोवर. आणि दिवस मावळायला हेंडगा. म्हणजे कडब्याची पेंढी पेटवायची आणि ती हातात धरून सगळ्या रानाला बांधाबांधानं पळत फेरी मारायची. घरातला एकजण हेंडगा घेऊन पुढं, बाकीचे आरोळ्या देत मागं.

माहेरी हेंडगा वडील घ्यायचे आणि त्यांच्या मागं मी. फ्रॉक हरभऱ्याला अडकायचा, धूर डोळ्यात जायचा, वडील मागं वळून बघायचे नाहीत आणि मला वाटायचं, जगात आपल्याइतकं जोरात कुणी पळत नाही. लग्न झालं आणि ते बंद झालं. कुणी बंदी घातली नव्हती. त्या वेळी सुना भांडी आवरतात, एवढंच. सव्वीस येळवसी मी भांडी आवरली. त्यानंतरच्या तीन तर तेही नाही, कारण हात चालेना. कोपीत गोधडी पांघरून बसायची. पाच पांडव आणि सहावी मी.

ह्या वर्षी मला एक फेरी पळायची होती. दुसरं काही नको होतं. डॉक्टरांनी एक्सरे उजेडापुढं धरून सांगितलं होतं, हा रोग मागं फिरत नाही, गोळ्यांनी फक्त सावकाश चालतो. म्हणजे ह्या वर्षीचे गुडघे पुढच्या वर्षी असतील की नाही, कोण सांगणार? आमच्या रानाची फेरी अंतराला माझ्या रस्त्यावरच्या विहिरीपासून पिंपळापर्यंत जाऊन परत येण्याइतकी. दिवाळीत मी पिंपळाच्या अलीकडंच बसायची. पुढच्या पंधरवड्यात पिंपळ गाठला. येळवस आठ दिवसांवर आली तेव्हा एकदा परत आले, मध्ये न बसता. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "येळवसीला मी हेंडग्याच्या मागं पळणार."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "दादाच्या म्होरं?"

"सगळ्यांच्या म्होरं."

"बघू," म्हणाले.

रान साडेतीन एकर, दोघा भावांचं एकत्र, पण करतात थोरले दीर. येळवसीला सकाळी ह्यांनी घरी कडी लावून नाडी बांधली आणि मी टेम्पोत बसून जावेबरोबर पुढं गेले. हे पाणी सोडून मागून येणार होते. रानाच्या बांधाला उतरलो, सगळ्यांनी चपला काढून ओळीनं ठेवल्या आणि मी तिथंच थिजले.

येळवसीला आमच्या रानात पायताण चालत नाही. रान त्या दिवशी लक्ष्मी असतं. हे मला काय आज कळलं? जन्मापासून कळतंय! सव्वीस वर्षं पोरांच्या चपला मीच ह्या बांधावर ओळीनं लावल्या. आणि कापड दोनदा मापल्याशिवाय कात्री न लावणारी मी बाई सगळा हिवाळा बूट घालून पळायचा सराव करत होते. एक दिवस, एक दिवस तरी डोक्यात यावं! अनवाणी फेरी मारायची आहे, हे मी साफ विसरले होते.

लांब टोक ओढून नाडी सोडली, बूट चपलांच्या ओळीत ठेवले. दुपारी सगळे जेवणात गुंतले तेव्हा बांधावर जाऊन अनवाणी पळून बघितलं. सहा पावलं. काळ्या रानातली वाळली ढेकळं, त्यात कडेला करडईचे काटे. चवड्याचे सांधे असे कळवळले की मी मटकन खाली बसले. मग गपचूप कोपीत येऊन गोधडी घेतली.

"आंबील नगं पिऊस तू," जाऊबाई म्हणाल्या. "आंबट बादतं तुला."

"द्या आक्का, भरून द्या," मी म्हणाले. "आता काय बादायचं राहिलंय?"

रागात तीन पेले प्याले.

दिवस मावळायला आला. थोरल्या दिरांनी पेंढी बांधली. हे त्यांच्या शेजारी उकिडवे बसले होते, हातात काडीपेटी. पोरं पाय नाचवत उभी. भांडी वाजायला लागली. आणि माझ्या मनात एकदम आलं, मी आज अशीच बसून राहिले तर पुढच्या वर्षीही इथंच, त्याच्या पुढच्या वर्षीही इथंच. मी उठले. बांधापर्यंत गेले आणि बुटात पाय घातले.

"आगं ए बाई!" जाऊबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "पायताण घालून लक्ष्मीभवती फिरनार व्हय? डोस्कं फिरलं का काय तुजं?"

"पळणार आहे आक्का. लक्ष्मीला माझे सांधे दिसतात, ती काय आंधळी आहे?"

आवाज मोठा केला खरा, पण जागची हलले नाही. कारण नाड्या सुटलेल्या होत्या, मातीत लोळत होत्या, आणि त्या मला बांधता येत नव्हत्या. सगळे माझ्याकडं बघत होते. एक पाऊल टाकलं असतं तर मी त्याच नाड्यांत अडकून तोंडावर पडले असते. मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं आणि एवढ्या माणसांत मला ते मागायचं नव्हतं. इथं कडी लावायला दार कुठं होतं?

मी खाली मान घालून उभी. मग मला काडीपेटीचा आवाज आला, थोरल्या दिरांच्या हातात ठेवल्याचा. हे चालत आले, माझ्यासमोर मातीत बसले, एक गुडघा टेकवून.

"आण इकडं पाय."

"आरं ए, काय करायलास?" थोरले दीर ओरडले.

"नाडी बांधायलो."

"बायकूच्या पायाला हात लावून? येळवसीच्या दिवशी?"

ह्यांनी मान वर केली नाही. गाठ आवळली, टोक लांब ठेवलं. "रोज बांधतो, दादा. रोज सकाळी बांधतो मी. आज रानात बांधायलो, एवढंच." मग दुसरा पाय घेतला.

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवली. संध्याकाळभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, अजूनही जरा तुटकच आहेत. बूट घातले ही माझी चूक असेल तर असू दे. मी रानाला हात जोडले, "माय, पोटात घाल," म्हणाले आणि उभी राहिले.

हेंडगा पेटला. सगळे आरडत निघाले, मी मागून. पहिल्या कोपऱ्यावरच ते लांब गेले. मला फक्त धूर दिसत होता आणि त्याच्यापुढं नाचणारा जाळ. दुसऱ्या बांधाला गुडघेदुखीनं उचल खाल्ली. तिसऱ्याला दम असा लागला की आंबील वर आली. वडिलांची आठवण येईल असं मला वाटलं होतं. आली नाही. फक्त पुढचं पाऊल, पुढचं ढेकूळ, एवढंच दिसत होतं. बाभळीपाशी मी थांबणारच होते, तेवढ्यात मागं पावलं वाजली. वळून बघितलं तर हे. मला सहज गाठता येत असताना चार हात मागं, माझ्याच चालीनं.

"तुम्ही कशाला?"

"पडलीस तर उचलायला."

मी पडले नाही. कोपीपाशी पोचले तेव्हा हेंडगा विझून राख झाली होती, पोरं दुसऱ्याच खेळात होती, भांडी टेम्पोत चढली होती. मी आले हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कोपीच्या कडब्याला टेकून उभी राहिले, छाती भात्यासारखी हलत होती आणि मला फार आनंद झाला होता. देवी, डॉक्टर, गोळ्या, मुलीचे बूट, सगळ्यांचे उपकार त्या घटकेला मी एकदम मानले. आणि ज्याचे पहिले मानायचे तो माणूस शेजारी उभा राहून पायातला काटा काढत होता. तो अनवाणी पळाला होता.

दुसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखे सुजले. दोन दिवस अंथरुणात काढले, ह्यांनीच भाकऱ्या थापल्या, त्या कशा झाल्या ते विचारू नका. तिसऱ्या दिवशी साडेपाचला "आई गं" म्हणून उठले. थकवा होताच, तो काही कुठं जात नाही. बूट घेऊन आत बसले आणि कडीच्या आवाजाची वाट बघत राहिले.

आवाज आला नाही. हे बाहेर पायरीवर बसले होते, दांडी शेजारी ठेवून.

"आत या की," मी म्हणाले. "दार लावा."

"तूच भायेर ये. खांबाचा उजेड हाय इथं. आत गाठ दिसत न्हाय."

सगळा हिवाळा त्यांना आत गाठ दिसत होती. पण मी काही बोलले नाही, चमत्कारच म्हणायचा. बाहेर येऊन वरच्या पायरीवर बसले आणि पाय पुढं केला. समोरच्या नळावर तीन-चार बायका घागरी मांडून थांबल्या होत्या. त्यातल्या एकीनं माझ्या पायाकडं बघितलं, ह्यांच्या हाताकडं बघितलं, आणि विचारलं, "पाणी कधी सुटंल हो आज?"

"हिची नाडी झाली की सोडतो," हे म्हणाले आणि माझा दुसरा पाय मांडीवर ओढून घेतला.